बीजिंगच्या बाजारांत मित्रमंडळींबरोबर एक दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीजिंगला निघालेले गट आम्हाला पुन्हा पुन्हा तेच प्रश्न पाठवतात. कुणी कॉलेजच्या जुन्या मित्रांचा ग्रुप असतो, कुणी भिशीच्या मैत्रिणी, तर कुणी कंपनीच्या कामाला जोडून दोन दिवस जास्त राहिलेले सहकारी. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. हे पान घरासाठी आणि भेटीदाखल खरेदी करणाऱ्यांसाठी आहे. यीवू किंवा ग्वांगजौहून व्यापारासाठी माल आणायचा असेल तर त्याचं गणित वेगळं असतं आणि ते इथे नाही.

एका दिवसात किती बाजार होतात? कुठून सुरुवात करावी?

तीन बाजार आरामात होतात. चौथा घेतला तर पाय आणि मैत्री दोन्ही कुरकुरायला लागतात. आम्ही सुचवतो तो क्रम असा: पहाटे पांजियायुआन, म्हणजे जुन्या वस्तूंचा बाजार, दुपारच्या आत होंगचियाओ, म्हणजे मोत्यांचा बाजार, आणि संध्याकाळी सिल्क स्ट्रीट.

तिन्ही ठिकाणी मेट्रोने जाता येतं. पांजियायुआन स्टेशन १० नंबरच्या लाइनवर आहे. तिथून सोंगजियाज्वांगला उतरून ५ नंबरची लाइन धरली की तियानतान दोंगमेन येतं. होंगचियाओ बाजार त्या स्टेशनाला लागूनच आहे. पुढे त्याच लाइनने दोंगदानला जाऊन १ नंबरची लाइन पकडा. दुसरं स्टेशन योंगआनली, सिल्क स्ट्रीटच्या दारातच.

गटात एखाद-दोघांना खरेदीचा कंटाळा असतोच. होंगचियाओच्या समोर टेम्पल ऑफ हेवनचा पूर्व दरवाजा आहे. मंदिर १४२० सालचं आहे, पण सकाळी तिथलं उद्यान पाहण्यासारखं असतं ते निवृत्त मंडळींमुळे. ती तिथे पत्ते खेळतात, गातात, नाचतात. खरेदीत रस नसलेल्यांना दोन तास तिथे सोडा, सगळेच खूश राहतील.

पांजियायुआनला शनिवार-रविवारीच का जायचं? आमचा मोकळा दिवस मंगळवार आहे.

मंगळवारीही बाजार उघडा असतो, पक्की दुकानं चालू असतात. पण या बाजाराचा जीव आहे मधल्या शेडखाली जमिनीवर कापड अंथरून बसणाऱ्या विक्रेत्यांत, आणि ते मोठ्या संख्येने येतात शनिवार-रविवारी, उजाडायच्याही आधी. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हा बाजार असाच रस्त्याकडेला भरू लागला आणि पहाटे येण्याची रीत तेव्हापासूनची आहे. तुम्ही सात-साडेसातला पोहोचलात तरी पुरे.

दोन काळ टाळा. चिनी नववर्षाच्या सुट्टीत बरेच विक्रेते गावी गेलेले असतात, आणि १ ते ७ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय सुट्टीत अख्खा देश फिरायला निघालेला असतो.

यूपीआय चालतं का? पैसे कसे द्यायचे?

यूपीआय चालत नाही. बीजिंगमध्ये सगळा व्यवहार अलीपे आणि वीचॅट पे या दोन ॲपवर होतो, अगदी रताळी भाजून विकणाऱ्या गाडीवरही. परदेशी व्हिसा किंवा मास्टरकार्ड या दोन्हींना जोडता येतं. वीचॅटवर भारतात जून २०२०पासून बंदी आहे, म्हणून आपल्या लोकांना अलीपे सोपं पडतं. निघण्यापूर्वी घरीच ॲप घ्या, पासपोर्टची पडताळणी पूर्ण करा, कार्ड जोडा आणि त्या कार्डावर परदेशातले व्यवहार बँकेतून चालू करून घ्या. यातलं शेवटचं काम लोक विसरतात आणि मग बाजारात उभं राहून ओटीपीची वाट पाहतात.

परदेशी कार्डावर एका वेळी २०० युआनपर्यंत जादा शुल्क लागत नाही, व्यवहार त्याहून मोठा असेल तर पूर्ण रकमेवर ३ टक्के लागतं. एक युआन साधारण १२-१३ रुपयांच्या घरात धरा. बोलताना युआनला सगळे 'क्वाई' म्हणतात.

क्यूआर कोड स्कॅन केला, पण पैसे जातच नाहीत. असं का?

बहुतेक वेळा तो कोड दुकानाचा नसून त्या माणसाच्या वैयक्तिक खात्याचा असतो. परदेशी कार्ड व्यापारी खात्यावर चालतं, व्यक्तीला पैसे पाठवायला सहसा चालत नाही. पांजियायुआनच्या जमिनीवरच्या दुकानांत हे हमखास होतं. दुसरा कोड आहे का विचारा. नसेल तर रोख द्या. चीनमध्ये रोख रक्कम नाकारणं कायद्याने मना आहे, पण सुट्टे मिळतीलच याची हमी नाही. सर्वांत मोठी नोट १०० युआनची असते, म्हणून प्रत्येकाने १०, २० आणि ५०च्या नोटा मिळून ३००-४०० युआन जवळ ठेवावेत.

चिनी भाषा येत नाही. घासाघीस कशी करणार?

कॅल्क्युलेटरवर. विक्रेती आकडा टाइप करून तुमच्यापुढे धरते, तुम्ही तो पुसून तुमचा टाइप करायचा. सिल्क स्ट्रीटवर इंग्रजीही छान चालतं. 'दुओशाओ चिएन' म्हणजे कितीला, 'थाई क्वे ल' म्हणजे फार महाग आणि 'बू याओ' म्हणजे नको. एवढ्यावर दिवस निघतो.

बोटांच्या खुणा मात्र आधी शिकून घ्या, कारण गोंधळ तिथेच होतो. पाचपर्यंत आपल्यासारखंच आहे. सहा म्हणजे अंगठा आणि करंगळी ताठ, बाकी बोटं मिटलेली. सात म्हणजे अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांची टोकं जुळवलेली. आठ म्हणजे अंगठा आणि तर्जनी ताठ. नऊ म्हणजे तर्जनी आकडीसारखी वाकवलेली. दहा म्हणजे दोन तर्जनींची फुली किंवा मिटलेली मूठ. आपल्याला आठची खूण दोनसारखी वाटते. '२० म्हणाला होता आणि आता ८० मागतोय' अशी जी तक्रार येते, तिच्यामागे बहुतेकदा फसवणूक नसते, हीच खूण असते. आपल्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो, तसं तिथे जुन्या काळी बाहीत हात घालून व्हायचं.

व्हॉट्सॲप आणि गूगल तिथल्या वाय-फायवर चालत नाहीत, भारतीय सिमच्या रोमिंगवर सहसा चालतात. भाषांतराचं ॲप चिनीसकट ऑफलाइन उतरवून ठेवा.

सांगितलेल्या भावाच्या किती टक्क्यांपासून सुरुवात करायची?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे आणि आमच्या मते तो उलटा विचारला जातो. टक्केवारी धरून चाललात तर विक्रेत्याने पहिला आकडा किती फुगवला यावर तुमचा भाव ठरतो. त्याने दसपट सांगितलं आणि तुम्ही अर्ध्यावर आणलंत, तरी तुम्ही पाचपट देता.

आधी स्वतःशी ठरवा: ही वस्तू घरी नेल्यावर मला किती मोलाची आहे? तो आकडा मनात पक्का करा, त्याच्या बराच खालून बोलायला सुरुवात करा आणि तिथपर्यंतच चढा. सिल्क स्ट्रीटवर पाचव्या हिश्शाने सुरुवात केली तरी कुणी रागावत नाही. पांजियायुआनला जमिनीवर बसणाऱ्यांशी एवढं ताणू नका, तिसरा हिस्सा किंवा निम्मं म्हणा. होंगचियाओला साध्या मोत्यांच्या माळेवर चौथ्या हिश्शापासून बोलणं चालतं.

जमलं नाही तर हसून निघा. हाक आली तर तुमचा आकडा शक्य होता. हाक आली नाही तर तो खरंच कमी होता, आणि तेही कळलं ते बरंच झालं. चार पावलं पुढे तीच वस्तू पुन्हा भेटते.

भाव ठरल्यावर मन बदललं तर नाही म्हणावं का?

नाही. तुम्ही म्हटलेला आकडा समोरच्याने मान्य केला की सौदा झाला. म्हणूनच घ्यायची नसलेली वस्तू 'बघू किती खाली येते' म्हणून गंमतीत ओढू नये. समोरच्या बाईचा तो रोजचा धंदा आहे, तिने तुमच्यासाठी वीस माळा बाहेर काढलेल्या असतात. शेवटच्या क्षणी पाठ फिरवली की आवाज चढतात, आणि त्यात चूक आपलीच असते.

घासाघीस कुठे करायची नसते?

मॉल, सुपरमार्केट, औषधांची दुकानं, संग्रहालयांची दुकानं आणि खाण्याच्या गाड्या इथे नाही. वस्तूवर छापील किंमत आणि बारकोड असेल तर ती पक्की समजा. सिल्क स्ट्रीटच्या इमारतीतही काही दुकानांवर भावाची पाटी असते. तिथे 'दोन घेतल्या तर?' एवढं विचारायला हरकत नाही.

आम्ही सहाजण आहोत. एकत्र फिरावं की वेगवेगळं?

दोघा-दोघांच्या जोड्या करा. सहाजण एका गाळ्यासमोर उभे राहिले की एकाच्या तोंडून 'अगं, किती सुंदर!' निघतं आणि भाव तिथेच गोठतो. भाषा कळली नाही तरी चेहरा सगळ्यांना वाचता येतो.

जोडीतला एक बोलेल, दुसरा गप्प राहील किंवा 'चल, उशीर होतोय' म्हणेल. मैत्रिणीचा सौदा चालू असताना 'मला तिकडे याहून स्वस्त मिळालं' असं मराठीतसुद्धा म्हणू नका. तिचं मन उगाच खट्टू होतं. दिवसाअखेरीस भावांची तुलना न करण्याचा ठराव आधीच करणारे गट परतताना जास्त आनंदात असतात, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

एकत्र येण्याचा फायदा एकाच ठिकाणी आहे: एकाच प्रकारच्या वस्तू बऱ्याच घ्यायच्या असतील तेव्हा. सहा शाली, दहा पंखे, पंधरा पेपरकट असं असेल तर आधी एकीचा भाव ठरवा आणि तो ठरल्यावरच संख्या सांगा. सुरुवातीलाच संख्या सांगितली तर ही सवलत पहिल्या आकड्यातच मिसळून जाते.

पैसे ज्याने त्याने आपापले द्यावेत. एकाच्या कार्डावरून सगळ्यांचे गेले की ३ टक्के शुल्काची विभागणी आणि रुपयाचा दर यांवर रात्री हॉटेलात वाद होतात. भेटीची वेळ आणि जागा ठरवून घ्या. जागा मेट्रोच्या ठरावीक दाराशी असली की उत्तम, कारण दारांना अक्षरं असतात. हॉटेलचं चिनीत छापलेलं कार्ड प्रत्येकाच्या खिशात हवं.

होंगचियाओचे मोती खरे की खोटे, कसं ओळखायचं?

तिथले बहुतेक मोती खरे, पण गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांत वाढवलेले असतात. जेजियांग प्रांतातलं जूजी हे त्याचं मोठं केंद्र. एका शिंपल्यात पुष्कळ मोती धरतात, म्हणून ते समुद्री मोत्यांपेक्षा बरेच स्वस्त पडतात. स्वस्त म्हणजे खोटा असं इथे नाही.

दोन मोती एकमेकांवर हलके घासा. खरे असतील तर बारीक खरखर जाणवते, काचेचे घसरतात. दाताच्या कडेवर घासलं तरी तीच खरखर लागते. भोकाकडे नीट पाहा: लेप दिलेल्या मण्याचा पापुद्रा तिथेच सुटलेला दिसतो. बऱ्याच विक्रेत्या स्वतःच चाकूने मोती खरवडून पांढरी भुकटी दाखवतात. त्याने मोती खरा ठरतो, पण चांगला ठरत नाही. चांगला मोती चमकेवर ठरतो. माळ खिडकीशी न्या. मोत्यात तुमचा चेहरा जितका स्पष्ट दिसेल तितकी चमक चांगली. आकार थोडा वेडावाकडा असला तरी चालेल, दुधट आणि निस्तेज नको.

पांढरा, पीच आणि जांभळट हे नैसर्गिक रंग. गोड्या पाण्यातला काळाभोर मोती रंगवलेला असतो. आवडला तर जरूर घ्या, पण रंगवलेल्याच्या भावाने. माळ तुमच्यासमोर ओवून देतात आणि दर दोन मोत्यांमध्ये गाठ मारायला सांगता येतं. ते जरूर सांगा: दोरा तुटला तर एकच मोती पडतो.

सिल्क स्ट्रीटवर खरं रेशीम मिळतं का?

मिळतं, पण नावावर जाऊ नका. १९८०च्या दशकात ही गल्ली उघड्यावर भरायची, २००५ साली सध्याची बहुमजली इमारत झाली. आत सगळंच विकलं जातं आणि 'सिल्क' म्हणून पॉलिएस्टरही. धागा जाळून पाहणं हा पक्का उपाय: रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते, पॉलिएस्टरची वितळून कडक गुठळी होते. हे विक्रेत्यालाच करायला सांगा. नकार आला तर पुढचं दुकान पाहा. जाडी 'मोमी' या मापात सांगतात. स्कार्फला कमी चालते, ब्लाउज किंवा कुर्त्याला १६ ते १९ मोमी बरी. भरतकाम आवडत असेल तर त्या गाळ्यांवर थोडा वेळ द्या. मुंबईच्या पारशी कुटुंबांतल्या गारा साड्या चीनच्या व्यापारातूनच आल्या, ते पक्षी आणि फुलं ओळखीची वाटतील.

चहा स्वस्त वाटला, पण बिल दुप्पट झालं. फसवलं का?

बहुधा नाही. बाजारात भाव 'जिन'वर सांगतात आणि एक जिन म्हणजे ५०० ग्रॅम. तुम्ही किलोचा समजलात. फळं, सुकामेवा, भाजी यांनाही हेच लागू आहे. छोटं माप 'ल्यांग', म्हणजे ५० ग्रॅम. चहा सहसा दोन-तीन ल्यांग घेऊन पाहावा.

चहाच घ्यायचा असेल तर बीजिंग वेस्ट रेल्वे स्टेशनजवळच्या मालियानदाओ या चहाच्या रस्त्यासाठी वेगळी अर्धी दुपार काढा. बसवून, उकळतं पाणी ओतून चार-पाच चहा चाखायला देतात. आपल्या जिभेला बीजिंगचा मोगऱ्याचा चहा पटकन रुचतो. फू-अर हा आंबवून मुरवलेला चहा. खूप जुना म्हणून महाग सांगितलेला फू-अर जाणकार सोबत नसेल तर घेऊ नका.

रस्त्यात मुलं-मुली येऊन 'इंग्रजी बोलायचंय, चहा घेऊ या' म्हणतात. जावं का?

जाऊ नका. वांगफुजिंग आणि तियानआनमेनच्या आसपास हा जुना डाव आहे. ते नेतात त्या चहाघरात शेवटी हजारो युआनचं बिल येतं. 'आमचं चित्रांचं प्रदर्शन आहे' हा त्याचाच भाऊ. रस्ता विचारणारा किंवा सोबत फोटो मागणारा माणूस मात्र बहुधा खरंच तेवढ्यासाठी आलेला असतो, त्याच्याशी मोकळेपणाने बोला.

पांजियायुआनला 'मिंग काळातलं' भांडं ८०० युआनला मिळतंय. घ्यावं का?

भांडं आवडलं असेल तर भांडं म्हणून घ्या, नव्या भांड्याच्या भावाने. तिथल्या बहुसंख्य 'जुन्या' वस्तू नव्याच असतात. चहाच्या पाण्याने आणि मातीने त्यांचं वय वाढवलेलं असतं.

आणि चुकून खरंच जुनं निघालं तर अडचण मोठी. १९११पूर्वीच्या पुरावस्तू चीनबाहेर नेता येत नाहीत, आणि १९४९पर्यंतच्या महत्त्वाच्या वस्तूंवरही बंधनं आहेत. नेता येण्याजोग्या जुन्या वस्तूंना तपासणीनंतर लाखेचा लाल शिक्का आणि परवाना मिळतो. म्हणजे 'मिंग' खोटं असेल तर पैसे गेले, खरं असेल तर भांडं गेलं. हस्तिदंताला तर हातही लावू नका. चीनमध्ये त्याचा व्यापार २०१७च्या अखेरीपासून बंद आहे आणि भारतातही तो आणता येत नाही. जेड ओळखणारं कुणी बरोबर नसेल तर साध्या, स्वस्त मण्यांवर थांबा.

मग पांजियायुआनला घेण्यासारखं काय आहे?

पुष्कळ. सुलेखनाचे ब्रश आणि शाईचे दगड, हाताने कापलेले पेपरकट, तळहातावर फिरवायच्या अक्रोडांच्या जोड्या, माओचे बिल्ले, जुनी पोस्टर्स. दगडी शिक्क्यावर तुमचं नाव कोरून देणारे कारागीर आहेत. मित्रांसाठी याहून चांगली भेट सुचत नाही. नाव चिनी अक्षरांत कसं लिहिणार ते कागदावर आधी पाहून घ्या.

चामड्याच्या छायाबाहुल्यांच्या गाळ्यावर थोडं थांबा. आपल्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. चिनी बाहुल्यांचे सांधे कसे जोडलेत ते शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. आणि तिकिटांचा गाळा दिसला तर सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावर चीनने १९८२ साली काढलेली टपालतिकिटं विचारा. फोनवर त्यांचा फोटो दाखवा. वयस्क विक्रेते त्यांना 'के दीहुआ' या चिनी नावाने ओळखतात, आणि मग सौदा बाजूला राहून गप्पा सुरू होतात.

ब्रँडेड पर्स आणि घड्याळं इतक्या स्वस्तात? घ्यावीत का?

ती नकली असतात. आम्ही ती घ्यायला सांगत नाही. चिनी कायद्यातही तो माल बेकायदेशीर आहे आणि त्याचा टिकाऊपणा नशिबावर असतो. कुणी 'मागच्या खोलीत जास्त चांगला माल आहे' म्हणाला तर एकट्याने मागे जाऊ नका. त्याच पैशांत बिननावाची चांगली चामड्याची पर्स मिळते.

आमच्यात दोघी शाकाहारी आहेत. दिवसभर काय खायचं?

'वो छ्र सू', म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढ्यावर विसंबू नका. मांसाचा रस्सा आणि खिमा कुठेही येऊ शकतो, मापो टोफूतही. 'दी सान श्येन' मागा: बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरचीची भाजी, भाताबरोबर पोटभर होते. तरी मांस आणि रस्सा नको हे ॲपवर चिनीत लिहून दाखवाच. रस्त्यावर भाजलेली रताळी आणि काडीवरची पाकातली फळं मिळतात. अंडं चालत असेल तर सकाळी ज्येनबिंग, म्हणजे अंडं घातलेलं धिरडं, खा. जैन मंडळींनी बरोबर थेपले-खाकरे न्यावेतच. टिश्यू पेपरही बरोबर असू द्या, सार्वजनिक स्वच्छतागृहं भरपूर आहेत पण कागद असेलच असं नाही.

स्वयंपाकाची सुरी घेतली आणि मेट्रोत अडवलं. आता?

प्रत्येक स्टेशनवर सामान एक्स-रेमधून जातं आणि सुऱ्या नेता येत नाहीत. सुरी घ्यायची तर दिवसाच्या शेवटी घ्या आणि टॅक्सीने हॉटेलवर जा. पुढे ती चेक-इन बॅगेत. पॉवर बँकेचं उलट: ती हातातल्या बॅगेतच हवी. शिवाय २८ जून २०२५पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत '३सी' हे चिनी प्रमाणचिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. तुम्ही भारतातून आणलेलीवर ते नसण्याचीच शक्यता जास्त. लायटर विमानात कुठेच चालत नाही.

टॅक्स परत मिळतो का?

गाळ्यांवरच्या खरेदीवर नाही. 'टॅक्स फ्री'ची पाटी असलेल्या दुकानात एकाच दिवशी २०० युआन किंवा जास्तीची खरेदी असेल तर मिळतो. एप्रिल २०२५पर्यंत ही मर्यादा ५०० होती. बहुतेक वस्तूंवर परतावा ११ टक्के, त्यातून सेवाशुल्क वजा होतं. मूळ पासपोर्ट लागतो, आणि तसाही तो परदेशी माणसाने जवळ बाळगायचा नियमच आहे. वस्तू न वापरता, ९० दिवसांच्या आत, विमानतळावर कस्टम्सला दाखवायची. त्यामुळे ती बॅगेच्या तळाशी भरू नका.

एकाच दुकानात चौघांनी थोडं थोडं घेऊन एकाच्या नावावर बिल केलं तर मर्यादा ओलांडता येते, पण मग परतावा त्याच्याच नावे आणि वस्तू दाखवायची जबाबदारीही त्याचीच.

भारतात उतरल्यावर सहाजणांची ड्यूटी-फ्री सवलत एकत्र धरतात का?

नाही. सवलत माणशी असते आणि ती दुसऱ्याच्या सवलतीत मिळवता येत नाही, नवरा-बायकोचीसुद्धा नाही. एकीच्या महागड्या मोत्यांच्या सेटसाठी बाकीच्यांच्या रिकाम्या मर्यादेचा उपयोग होत नाही. बाजारात पावती मिळेलच असं नाही, म्हणून महाग वस्तूंच्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या मागून घ्या आणि अलीपेच्या व्यवहाराचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. आणि मैत्रिणीची बॅग तुमच्या नावाने चेक-इन केलीत, तर आतल्या प्रत्येक वस्तूचा जबाब तुम्हालाच द्यावा लागेल.